शिपाई आणि येसकर

मनुष्याच्या मनांतील स्वतःची किंमत त्याच्या कामावरून ठरते असें म्हणतात. आमच्या मतें, तें काम कोणत्या नात्यानें करावें लागतें यावर ती अधिक ठरते. एकोणिसाव्या शतकांतील महार समाजाचा इतिहास पाहावा.

गांवचा महार साऱ्याची रक्कम कचेरींत पोंचवी, शिवेच्या तंट्यांत साक्ष देई, येसकर म्हणून वेशीवर जागे. कामें विश्वासाचीं खरीं. परंतु तीं जन्मानें गळ्यांत पडलेलीं. मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा, बलुतें आणि दारोदार मागून आणलेली भाकर. मेलेलें ढोर ओढणेंही त्याच्याच माथीं! जें हक्काचें तेंच हात पसरून घ्यावें लागे, आणि पसरलेल्या हाताची संवय मनालाही लागते.

त्याच घरचा तरुण मुंबई इलाख्याच्या फौजेंत शिरला कीं दरमहा मोजून पगार, अंगावर गणवेश, पुढें हुद्दा, मुलांना पलटणीची शाळा आणि म्हातारपणीं पेन्शन. पलटणींत भेदभाव मुळींच नव्हता असें नव्हे. पण सुभेदाराला सलाम करणें भाग होतें. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची स्मृति म्हणून कोरेगांवास उभारलेल्या स्तंभावर 'नाक' या प्रत्ययाचीं महार शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. गांवानें तीं कोठें कोरलीं असतीं?

असें असून १८९२ च्या सुमारास 'लढवय्या जातीं'च्या नव्या मतामुळें महारांची भरती बंद झाली. दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं त्याविरुद्ध अर्ज तयार केला. त्यांत महार मूळचे क्षत्रिय, असा दावा आहे. आम्हांला हें वाचून वाईट वाटतें. पिढ्यान् पिढ्या लढून दाखविल्यावरही नोकरी मागण्यास कुळाचा दाखला जोडावा लागला. ज्या मापानें अपमान झाला तेंच माप हातीं घ्यावें लागलें.

तथापि पेन्शनरांच्या घरांत शिकलेली पिढी वाढत होती. सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र डॉ. आंबेडकर १९२७ सालीं महाडास बोलले, तेव्हां मृत मांस सोडण्याचा उपदेश त्यांनीं आपल्याच लोकांना केला. १९२८ सालीं त्यांनीं मुंबई कौन्सिलांत वतनाच्या कायद्यांत दुरुस्तीचें बिल आणलें. १९४१ सालीं महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्यांत भरती झालेल्या जवानाच्या घरची येसकरीची पाळी मात्र तेव्हां संपली नव्हती. तीं वतनें रद्द करणारा कायदा मुंबई राज्यांत १९५८ सालीं झाला.