साष्टी नावाचं बेट

सुट्ट्या जवळ आल्या की घराघरांत प्रवासाच्या गोष्टी निघतात. मॉरिशस, मालदीव, श्रीलंका अशी नावं पुढे येतात. निळं पाणी, हिरवे डोंगर आणि माडांच्या रांगा यांची चित्रं पाहून आपण हरखून जातो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या घरात बसून ही चित्रं पाहताना एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानात येत नाही. आपण स्वतःच एका बेटावर बसलेले असतो.

मुंबईची सात बेटं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. त्या सातांच्या उत्तरेला, त्या साऱ्यांहून कितीतरी मोठं असं आठवं बेट आहे. ते कुणी मोजत नाही. त्याचं नाव साष्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला माहीमची खाडी. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतची वस्ती या बेटावर आहे. भराव पडत गेले आणि मुंबईही त्याला जोडली गेली. आज हे एकत्र झालेलं बेट सुमारे सहाशे चौरस किलोमीटरचं आहे. माल्टा हा अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, आणि मालदीवची सारी बेटं एकत्र केली तरी जमीन तीनशेच्या आसपासच भरते. एखाद्या द्वीपराष्ट्राला लाजवील एवढं आपलं बेट आहे.

साष्टी हे नाव 'षट्षष्टी'वरून, म्हणजे सहासष्ट गावांवरून आलं असं सांगतात. अकराव्या शतकात अल्-बिरूनीनं कोकणची राजधानी म्हणून समुद्रकाठच्या 'ताना'चा उल्लेख केला, ते या बेटावरचं ठाणं. १५३४ च्या वसईच्या तहानं हा मुलूख गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी त्यांच्याकडे कायम झाली.

मग बेटपण पुसण्याचं काम सुरू झालं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध झाला. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा होडीनं जावं लागे आणि पावसाळ्यात होड्या उलटत. सरकार पूल बांधायला पैसे देईना, तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभाईंनी खर्च उचलला. रस्त्यावर जकात घ्यायची नाही, ही त्यांची अट होती. तो पूल १८४५ मध्ये खुला झाला. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली आणि पुढल्याच वर्षी ठाण्याची खाडी ओलांडून ती कल्याणला गेली. पूल झाले ही मोठीच सोय झाली. पण होडीत पाय ठेवायचं बंद झालं तसं आपलं बेट आपल्या मनातूनही गेलं.

या बेटावर पाहण्याजोगं काय आहे आणि ते आजवर कसं टिकलं, हे आज सांगायचं आहे.

पहिलं नाव कान्हेरीचं. बोरिवलीच्या जंगलात, काळ्या पाषाणाच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झालं आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं तिथं भिक्षूंची वस्ती होती. इथले शिलालेख दात्यांची नावं सांगतात. त्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. दान कशाचं? लेण्याचं, बाकाचं आणि पाण्याच्या टाक्याचं. टाक्याला तिथं 'पाणीयपोढी' असा शब्द आहे. पोढी! किती आपला वाटावा असा शब्द आहे. बहुतेक लेण्यांच्या दाराशी अशी पोढी आहे आणि डोंगरावरचं पाणी तिच्यात उतरावं म्हणून खडकात पन्हळी खोदल्या आहेत. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा, ही विद्या या डोंगराला दोन हजार वर्षांपासून अवगत आहे.

कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं तिथं कोरून ठेवली. या बेटावरची सहल अशी किमान हजार वर्षांची आहे.

कान्हेरीच्या भिक्षूंनी जे जाणलं तेच पुढे इंग्रजांना जाणावं लागलं. मुंबई वाढली, विहिरी आणि तलाव पुरेनात. तेव्हा हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या आराखड्यानुसार मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालून विहार तलाव केला. तो १८६० मध्ये पूर्ण झाला. त्याच्या वरच्या अंगाला १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला आणि १८९१ मध्ये पवईचा.

आता या तिघांचं पुढे काय झालं ते पाहा. विहार आणि तुळशीचं पाणी पिण्याजोगं होतं. ते स्वच्छ राहावं म्हणून भोवतालच्या डोंगरांवर वस्ती आणि शेती होऊ दिली नाही, आणि त्या पाणलोटात रान वाढलं. त्याला लागून असलेली राखीव जंगलं जोडत जोडत आजचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं. पवईचं पाणी मात्र पिण्याला अयोग्य ठरलं. तो तलाव राखण्याचं कारण उरलं नाही आणि आज त्याच्या काठानं उंच इमारती उभ्या आहेत. एकाच बेटावरचे, एकाच काळातले हे तलाव. दोघांना जंगल मिळालं, एकाला सिमेंट. बोरिवलीचं रान कुणाच्या सौंदर्यदृष्टीनं वाचलेलं नाही, ते मुंबईच्या तहानेनं वाचवलं आहे.

हीच गोष्ट दगडाची. अंधेरीत गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या बसाल्टचा सुमारे साठ मीटर उंचीचा सुळका आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्याचे उभे खांब झाले. जगात असे खडक मोजक्याच ठिकाणी आहेत आणि लोक ते पाहायला दुरून जातात. आपल्याकडे खाणवाल्यांनी त्याच्या भोवतालचा दगड फोडून नेला. उरलेल्या सुळक्याच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. पायऱ्या चढून गेलं की पश्चिम उपनगर पायाखाली पसरलेलं दिसतं. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरातही दगडानं असाच आधार शोधला. सहाव्या शतकाच्या सुमाराचं हे शैव लेणं. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचं चर्च केलं. भिंतीत कोरलेला क्रूस आजही दिसतो आणि शिवाची पूजाही चालते. देव बदलले, पण डोंगर कुणी फोडला नाही.

किनाऱ्याकडे वळलो की बेट पुन्हा बेटासारखं दिसू लागतं. वेसाव्याहून मढला, मार्व्याहून मनोरीला आणि बोरिवलीहून गोराईला आजही पाण्यातून जाता येतं. जुहू हेही एके काळी वेगळं छोटं बेटच होतं. वेसाव्याच्या कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळत असतात. किनारा अजून कुणाच्या तरी पोटाचा आहे, याची ती खूण.

पूर्वेचा किनारा आपण पाहतच नाही, कारण त्याच्याकडे आपल्या गटारांची तोंडं आहेत. पण भांडुप-मुलुंडच्या बाजूला, ठाण्याच्या खाडीच्या चिखलात हिवाळ्याच्या सुमारास रोहित पक्षी हजारोंनी उतरतात. चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव हे त्यांचं अन्न. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरवर एका विमानाची धडक बसून एकोणचाळीस रोहित मेले. गुलाबी पिसं गल्लीत पडलेली पाहिली तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की हे पक्षी आपले शेजारी होते.

शेजार कळायला असा अपघात व्हावा लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विहार तलावाचं जादा पाणी वाहून नेणारी मिठी, जिला लोक नाला समजत होते, ती नदी होऊन घराघरांत शिरली. खाडीकाठची तिवरं काय कामाची, हे त्या रात्रीनं शिकवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं तिवरांची तोड थांबवण्याचा आदेश दिला.

आज प्रश्न वेगळा आहे. मुंबईचं बहुतेक पाणी आता भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या धरणांतून येतं. विहार आणि तुळशीचा वाटा थोडा उरला. ज्या तहानेनं हे रान राखलं ती तहान आता दुसरीकडे भागते. २०१९ च्या ऑक्टोबरात आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं एक-दोन दिवसांत तुटली. २०२४ मध्ये याच डोंगराखालून बोगद्यांच्या कामांची पायाभरणी झाली. रस्ते नकोत असं लोकलच्या गर्दीत उभा राहणारा माणूस म्हणणार नाही. पण पाण्याचं कारण सुटलं, तर हे रान राखायला दुसरं कोणतं कारण आपण देणार आहोत, याचं उत्तर उपनगरातल्या लोकांकडे तयार असायला हवं.

त्यासाठी आधी हे बेट पाहायला हवं. पावसाळ्यात एका रविवारी कान्हेरीला जा, पोढीत पाणी कसं उतरतं ते मुलांना दाखवा. हिवाळ्यात खाडीकाठी जा. तिकीट काढून वेसाव्याहून मढला होडीनं जा आणि मधोमध आल्यावर मागे वळून पाहा. समोर दिसणाऱ्या किनाऱ्याला साष्टी म्हणतात, आणि आपलं घर तिथं आहे.