माउसच्या बटनांची बखर

१९४८ साली निजामाच्या अमलातून मुक्त झालेली कळमनुरी १ मे १९९९ रोजी परभणीच्या दफ्तरातून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात दाखल झाली, आणि योगायोग असा की, त्याच वर्षी रेझर कंपनीचा ‘बूमस्लँग’ हा खास खेळाडूंसाठी घडविलेला माउस बाजारात आला. माउसचा जनक एंगलबार्ट याने १९६८ साली जगापुढे मांडलेल्या माउसला तीनच बटने होती. रेझरच्याच २००९ च्या ‘नागा’ या माउसने मात्र, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या मंत्रशस्त्रांचा भरणा असलेल्या खेळांसाठी, एकट्या अंगठ्याच्या हुकमतीत बारा दिली. निमिषार्धात नेम धरावयाच्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये तीच बटने चुकून दाबली जातात; ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये मात्र सैन्याच्या तुकड्या त्यांवर नेमून देता येतात, ही सोय खरी. तरीही कळमनुरीच्या होतकरू खेळाडूने प्रथम बाजूस दोन बटने असलेला साधा माउसच घ्यावा.