समुद्राने नेले नाही ते

बेने इस्रायलांच्या इतिहासाची सुरुवात आपण एका फुटलेल्या जहाजापासून करतो. नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या लागल्या; ग्रंथ, सामानसुमान सारे समुद्राने नेले, असे आपले वाडवडील सांगत आले. आम्ही आज व्हर्जिनिया राज्यातल्या ज्या हर्नडन गावात राहतो, त्याच्या नावामागेही एक बुडालेले जहाज आहे. विल्यम लुईस हर्नडन हे ‘सेंट्रल अमेरिका’ या जहाजाचे कप्तान. सप्टेंबर 1857 मध्ये हे जहाज वादळात सापडले. कप्तानांनी बायकामुलांना आधी होड्यांत उतरवले. चारशेहून अधिक माणसे जहाजाबरोबर बुडाली आणि कप्तानही त्यांच्यातच गेले. त्यांचे नाव या गावाला मिळाले.

नवगावला ज्यांनी पाय टेकले त्यांच्याजवळ पुस्तक नव्हते. हातांना येत होते तेवढे मात्र राहिले. आपला धर्म पुढे कितीतरी पिढ्या याच आधारावर जगला. सामुएल एझेकिएल दिवेकरांनी मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले ते 1796 साली. त्याआधी कोकणातल्या खेड्यांत शिकलेला हझान नव्हता, सेफेर तोरा नव्हता. होते ते घर, आणि घरात काम करणारे हात.

आपल्या सणांची जुनी नावेच पाहा. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण, त्यानंतर खिरीचा सण, तिशा बेआवला बिरड्याचा सण, पेसाहला अनाशी ढाकाचा सण. हाईम सामुएल केहीमकरांनी आपल्या इतिहासात ही नावे नोंदवून ठेवली आहेत. हिब्रू नावे विसरली गेली, पण त्या दिवशी घरात काय करायचे हे कोणी विसरले नाही. नवा तांदूळ, मोड आणून सोललेले वाल, झाकण लावलेले मडके यांवरून दिवस ओळखला गेला.

शब्बाथचा दिवाही तसाच. आपण तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आपल्याला शनिवार तेली म्हणू लागले. शुक्रवारी काचेच्या प्याल्यात पाणी, त्यावर तेल आणि कापसाची हाताने वळलेली वात. किद्दुशला द्राक्षांचा दारू मिळत नसे, म्हणून मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत केले जाई. एलियाहू हानाबीच्या मलिद्याचे ताट लावायचे तर पोहे भिजवण्यापासून नारळ खवण्यापर्यंत आणि फळांशेजारी गुलाब व सब्जाची डहाळी ठेवण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला हात लागत असे. पुरिमला शेजारीपाजारी जाणारी ताटे घरच्या करंज्या-पुऱ्यांचीच असत, वर क्रोशाने विणलेला रुमाल. तीच भेट आणि तीच सजावट.

पुढे छापखाना आला. पुण्यात 1874 साली मराठी अर्थासह हाग्गादा शिळाछापावर निघाली. तिच्यातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या आपल्या बायका जमिनीवर बसून मासा करताना दिसतात. पुस्तक हाती आल्यावरही छापणाऱ्याला चित्र काढावेसे वाटले ते त्या हातांचे. सिनेगॉगे झाली तसा सुक्कोथला अंगणात मांडव पडू लागला. नारळाच्या झावळ्यांचे छत आणि त्याला दोऱ्याने टांगलेली केळी, पपनस, मोसंबी अशी फळे तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी स्वतः बांधली असतील.

आता आमच्या गावाकडे या. हर्नडनला नगराचा दर्जा 1879 मध्ये मिळाला. त्या काळी हा दूधदुभत्याचा मुलूख. इथले दूध रेल्वेने वॉशिंग्टनला जाई. 1968 साली ती रेल्वे बंद पडली. आज त्या मार्गावर लोक चालतात, सायकली फिरवतात. गावाजवळ ‘फ्राईंग पॅन’, म्हणजे चक्क तवा, या नावाचे एक शेत आहे. सरकारी उद्यान म्हणून ते जपले आहे आणि 1920 ते 1950 च्या सुमाराचे शेतकरी जीवन तिथे दाखवतात. शेजारी बाप्टिस्ट लोकांचे जुने लाकडी प्रार्थनाघर आहे. ते 1791 च्या सुमाराचे, म्हणजे दिवेकरांच्या सिनेगॉगच्या थोडेसेच आधीचे.

त्या काळी अमेरिकेच्या खेड्यांत पीठ आणि जनावरांचे खाद्य सुती पोत्यांत येई. बायका पोते उसवून धूत आणि त्याचे झगे, एप्रन, उशीचे अभ्रे, गोधड्या शिवत. हे पाहून कारखानदार पोत्यांवर फुलांची नक्षी छापू लागले. नाताळच्या भेटी, बाळंतिणीची भेट, लग्नाची गोधडी अशी घरीच तयार होई. पुढे कागदी पिशव्या आल्या आणि ही कला ओसरली. तरी त्या गोधड्या टिकल्या. संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या आज पाहायला मिळतात.

इथेच आपल्यात आणि त्यांच्यात फरक पडतो. आपल्या हातच्या वस्तू टिकत नाहीत. मलिदा वाटून संपतो, वात जळून जाते, झावळ्या वाळतात, मांडव आठ दिवसांनी उतरतो. कुठल्याही संग्रहालयात तो सापडायचा नाही. दरवर्षी कोणीतरी नव्याने करावा लागतो, आणि ज्या वर्षी करणारे हात उरणार नाहीत त्या वर्षी तो कायमचा गेला.

हर्नडनला नारळ नाही. आम्ही शरदात शेतकऱ्याकडून कणसे काढलेली मक्याची धाटे आणतो आणि सुक्क्यावर पसरतो. नियमाला ती चालतात, कारण छत जमिनीत उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूचेच हवे. फळांऐवजी शोभेचे छोटे भोपळे टांगतो. सणभर ती सजावट खायची नाही हे आपल्याला ठाऊक. इथल्या खारींना कोण सांगणार? तयार सुक्का पेटीत मिळतो, तासाभरात उभा राहतो. ज्यांना कष्ट झेपत नाहीत त्यांनी तो जरूर आणावा. पण छत तरी मुलांच्या हातून घडू द्यावे. मिष्कानसाठी कुशल स्त्रियांनी स्वतःच्या हाताने सूत कातून आणले, हे शमोथच्या 35व्या अध्यायात मुद्दाम सांगितले आहे.

म्हणून लोद, रामला, दिमोना, अश्दोद, ठाणे, जिथे कुठे तुम्ही हे वाचत असाल तिथे, एक विनंती. मनुका किती वेळ भिजवायच्या, वात किती जाड वळायची, झावळीची गाठ कशी मारायची हे तुमच्या हातांना येते. नातवंडांना केवळ सांगू नका, त्यांना शेजारी बसवा आणि त्यांच्याकडून करून घ्या. पहिला मलिदा चिकट होईल, पहिली वात विझेल. होऊ द्या. आपल्याही आजीची पहिली वात विझलीच असेल.