कोलंबाइन: तेरा नावांची शाळा

२० एप्रिल १९९९, मंगळवार. अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारात बारा मुलं आणि एक शिक्षक गेले. मारणाऱ्यांची नावं इथे लिहीत नाही. ती जगाला नको तेवढी पाठ आहेत.

उरलेलं सत्र मुलांनी जवळच्या चॅटफिल्ड हायस्कूलमध्ये बसून पुरं केलं. १६ ऑगस्टला स्वतःची शाळा उघडली, तेव्हा कॅमेरे मुलांपर्यंत पोचू नयेत म्हणून पालक साखळी करून उभे राहिले. स्वागताला फुग्यांची कमान होती. फुगे फुटायला लागले तशी मुलं आडोशाला धावली. तेव्हापासून या शाळेत फुगे नाहीत. आगीची घंटाही बदलली, कारण जुनी त्या दिवशी तासन्‌तास वाजत राहिली होती. दगडी स्मारक बरंच नंतरचं. माझ्या लेखी गेलेल्यांचा पहिला मान राखला गेला तो इथे, मागे राहिलेल्यांना असं जपण्यात.

दहा मुलांचा जीव ग्रंथालयात गेला होता. त्याच जागी पुन्हा पुस्तकं मांडायला त्यांचे आईवडील तयार नव्हते. त्यांनी निधी उभारला, ग्रंथालय मोडलं, त्याची फरशीसुद्धा काढून टाकली. आता खालच्या भोजनगृहातून मान वर केली की थेट उंच छत दिसतं, त्यावर झाडांचे रंगवलेले शेंडे. नवं ग्रंथालय २००१ मध्ये उघडलं, शेजारच्या क्लेमेंट पार्कमधलं स्मारक २००७ मध्ये.

मुख्याध्यापक फ्रँक डीअँजेलिस यांनी शब्द दिला होता: त्या वेळी परिसरातल्या शाळांत शिकणारी अगदी धाकटी मुलं इथून उत्तीर्ण होईपर्यंत मी जाणार नाही. ते २०१४ पर्यंत थांबले. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी ते तेरा नावं उच्चारतात. तेव्हाची काही मुलं शिक्षक होऊन याच वर्गांत परतली. २० एप्रिलला वर्ग भरत नाहीत. अलीकडे मुलं त्या दिवशी गावात सेवेची कामं करतात.

२०१९ मध्ये, विकृत कुतूहलापोटी आवारात घुसणारे वाढल्याने, इमारत पाडण्याचा प्रस्ताव आला. गावकऱ्यांनी तो नाकारला.

२०२५ मध्ये एका माजी विद्यार्थिनीचं निधन झालं. कारण १९९९ च्या जखमाच, असा निर्वाळा सरकारी वैद्यकीय तपासणीने दिला. तेरा नावांत चौदाव्याची भर पडली.