आज्जीची वाकळ कुणी शिवली?

गणपतीच्या आधी माळा साफ करायचा, हा आमच्या घरचा जुना नेम. मखराच्या फळ्या, समया, आरतीचं तबक खाली येतं आणि त्यांच्यासोबत एक जुनी वाकळही येते. 'आज्जीची वाकळ' हेच तिचं नाव. यंदा तिचा एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला निघाला. काकू म्हणाल्या, "घंटागाडीत द्या आता." देण्यापूर्वी आम्ही ती गच्चीवर उन्हात पसरली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली.

वाकळ म्हणा, गोधडी म्हणा की कानडीत कौदी म्हणा. विरलेलं लुगडं वाया घालवायचं नाही हा विचार सगळीकडे एकच. करण्याच्या रीती मात्र निरनिराळ्या.

पहिली रीत जोडाची. चौकोनी, त्रिकोणी तुकडे कापून कडेला कड लावून शिवायचे. सगळे जोडले की वरचा पदर तयार होतो. मग खाली जुन्या लुगड्या-धोतरांचे थर अंथरून त्यावर हा पदर ठेवायचा, मोठ्या टाक्यांनी टाचायचा आणि धावदोरा घालायचा. आधी जोड, मग दोरा, असं हे दुहेरी काम.

दुसरी रीत वर लावण्याची. अखंड कापडावर कापलेली नक्षी ठेवायची आणि तिच्या कडा आत मुडपून बारीक टाक्यांनी बसवायची. गुजरातेत याला 'कटाब' म्हणतात. बडोद्याच्या आपल्या मंडळींनी अशी तोरणं-चाकळे पाहिलेच असतील. ओडिशातल्या पिपलीचे चांदवे आणि छत्र्याही याच कामाच्या.

तिसरी रीत आम्हा बेळगावकरांच्या अगदी शेजारची. खानापूर, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या जंगलपट्ट्यातल्या सिद्दी बायका जी गोधडी शिवतात, ती 'कवंदी'. तिचा वरचा पदर वेगळा तयार होतच नाही. खाली जुनी साडी अंथरतात, कडेपासून एकेक तुकडा ठेवतात, त्याची कड हातानेच आत मुडपतात आणि धावदोरा घालत पुढे जातात. तोच टाका तुकडा बसवतो आणि थरही एकत्र बांधतो. कडेने फिरत फिरत दोरा आत सरकतो आणि काम मधोमध संपतं. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात. त्यांना 'फूल' म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी, अशी त्या बायकांची समजूत.

आम्ही आज्जीची वाकळ उलटी केली. आमच्या घरच्या बाकीच्या वाकळांना या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओळी आहेत. हिच्या पाठीवर मात्र चौकोनात चौकोन होते, देवळापुढच्या तळ्याच्या पायऱ्यांसारखे, मध्यापर्यंत उतरत गेलेले. आणि न कुरतडलेल्या तिन्ही कोपऱ्यांवर फुलं होती. कापड आज्जीच्या लुगड्यांचं खरं, पण हात आज्जीचा नव्हता. मग काकूंनाच आठवलं. खानापूरकडच्या शेतावर लावणीला एक सिद्दी बाई येत असे, आज्जी तिला जुनी लुगडी देत असे. तिचं नाव कुणालाच आठवेना.

सिद्दी हे मूळचे आफ्रिकेचे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली गेली, विकली गेली. त्यातले अनेक जण पळून घाट चढले आणि या रानांत वस्ती करून राहिले. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. कोकणी-मराठी-कानडी त्यांच्या तोंडी आहे. कवंदी मात्र तिन्ही धर्मांच्या घरांत सारखीच शिवली जाते.

सरकारी नोकरीत असल्यामुळे दाखले आणि पुरावे हा आमचा रोजचा विषय. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी 2020 च्या कायद्याची वाट पाहावी लागली. मधल्या त्या 17 वर्षांत त्यांच्यातला एकेक टाका आमच्या माळ्यावर पुरावा होऊन पडून होता, आणि आम्ही त्याला आज्जीचं नाव देऊन मोकळे झालो होतो.

सीमाभागातले आपण मराठी लोक आपला इतिहास, आपली भाषा, आपली नावं यांबद्दल फार जागरूक असतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या अंगावरची ऊब कुणाच्या हातची, हे विचारायचं आपल्याकडून राहून जातं.

वाकळ घंटागाडीत गेली नाही. कुरतडलेल्या कोपऱ्याला काकूंनी स्वतःच्या जुन्या साडीचं ठिगळ लावलं. यंदा ती आरतीला येणाऱ्यांना दिसेल अशी बाहेरच्या खोलीत ठेवणार आहोत. शेजारी एक कागद असेल : 'कापड आज्जीचं. शिवण एका सिद्दी बाईची. नाव विचारायचं राहून गेलं.'