अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा : परळच्या केईएममधील सिस्टरांकडून घरच्यांनी काय शिकावं?

पक्षाघात झालेलं किंवा खुब्याचं हाड मोडलेलं म्हातारं माणूस मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातून घरी आणलं, की सोबत गोळ्यांची पिशवी आणि डिस्चार्ज कार्ड असतं. गोळी कधी द्यायची ते कार्डावर असतं. पण कूस कधी बदलायची, घास कसा भरवायचा, तोंड कसं पुसायचं हे बहुतेक वेळा त्यावर नसतं. मग काही आठवड्यांतच माकडहाडावर जखम होते, ती चिघळते आणि मूळ दुखण्यापेक्षा जखमच भारी पडते. ही जखम म्हणजे बेडसोअर. ती टाळण्याचं काम औषधाचं कमी आणि हाताचं जास्त आहे. याचं मोठं उदाहरण परळमध्येच घडलं.

केईएमची ४२ वर्षांची सेवा

परळचं केईएम हे मुंबई महापालिकेचं रुग्णालय १९२६ साली सुरू झालं. इथंच काम करणाऱ्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी एका वॉर्डबॉयने हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. तेव्हा त्यांचं वय २५ होतं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. मधली जवळपास ४२ वर्षे केईएमच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण सेवा थांबली नाही.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांच्या वतीने इच्छामरणाची याचिका केली होती. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांचं पथक नेमलं. त्यांनी तपासलं तेव्हा अंगावर बेडसोअर नव्हता. इतक्या वर्षांत तो एकदाही झाला नाही, असं रुग्णालयातर्फे न्यायालयाला सांगण्यात आलं. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ही याचिका फेटाळली आणि केईएमच्या कर्मचाऱ्यांच्या सेवेचं कौतुक केलं.

सगळंच साधलं असं मात्र नाही. हातापायाचे सांधे आखडले होते, तशी नोंद तपासणीत आहे. २०१० च्या सप्टेंबरात मलेरिया झाल्यानंतर तोंडाने खाणं कमी झालं आणि नाकातून नळी घालावी लागली. तोवर त्या तोंडाने मऊ, पातळ अन्न घेत होत्या. खोलीत जास्त माणसं आली की त्या अस्वस्थ होऊन आवाज करत, गर्दी हटली की शांत होत. कोणत्या आवाजाचा काय अर्थ, हे सिस्टर ओळखत.

अभ्यास काय सांगतो?

बेडसोअर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून सेवेचा असतो, असं फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं. पुढे नर्सिंगच्या अभ्यासकांनी ‘सेवा’ म्हणजे नेमकं काय, हे मोजायला सुरुवात केली.

१९८४ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया लार्सन यांनी कॅन्सरच्या रुग्णांना सेवेच्या ५० गोष्टी महत्त्वाप्रमाणे लावायला सांगितल्या. नर्सनाही तेच विचारलं. नर्सनी ‘रुग्णाचं ऐकून घेणं’ सर्वांत वर ठेवलं. रुग्णांनी मात्र इंजेक्शन, सलाईन आणि यंत्रं नीट हाताळता येणं वर ठेवलं. म्हणजे माया हवीच, पण आजारी माणसाला आधी हात जाणता हवा असतो. घरच्या सुनेला, मुलाला, नवऱ्यालाही हेच लागू पडतं.

धोका कुणाला?

बेडसोअरचा धोका ओळखायला १९८७ पासून ‘ब्रेडन’ नावाचं मोजमाप वापरतात. त्यातले सहा प्रश्न घरीही विचारता येतात.

१. दुखलं-खुपलं तर रुग्णाला कळतं का?
२. घाम, लघवीने अंग ओलं राहतं का?
३. अंथरुणातून उठणं होतं का?
४. स्वतः कूस बदलता येते का?
५. जेवण पुरेसं जातं का?
६. वर सरकवताना अंग गादीवर घासतं का?

दोन-तीन उत्तरं वाईट आली, तरी त्या दिवसापासून सावध व्हावं.

रोज काय करावं?

कूस : साधारण दर दोन तासांनी बदलावी. डावी, पाठ, उजवी असा क्रम ठेवून वेळ वहीत लिहावी. पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी लावून थोडं कलतं ठेवावं. दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेली गोधडी ठेवावी. पोटरीखाली उशी देऊन टाच गादीपासून सुटी ठेवावी. हवेची गादी आणली तरी कूस बदलणं सुटत नाही.

उचलणं : ओढू नये. अंगाखाली चादर घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उचलावं.

कातडी : माकडहाड, खुबे, टाचा, खांदे, कानामागची जागा रोज उजेडात पाहावी. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली समजा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे हात लावून पाहा, जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते. अशी जागा चोळू नये. स्पिरिट लावून रगडणं, पावडर थापणं, खाली रबराची गोल रिंग ठेवणं हे जुने उपाय बंद करावेत.

भरवणं : निजवून कधीच भरवू नये. पाठीला उशा देऊन बसतं करावं. छोटा घास द्यावा आणि तो गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. नंतर अर्धा ते एक तास तसंच बसवावं. खाताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओला येत असेल तर भरवणं थांबवून डॉक्टरांना सांगावं. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पेजेसोबत डाळ, अंडं, दूध द्यावं. जखम भरायला प्रथिनं लागतात.

तोंड : दिवसातून दोनदा स्वच्छ करावं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. मान एका कुशीला वळवून ओल्या फडक्याने पुसावं.

सांधे : दिवसातून दोन-तीन वेळा बोटं, मनगट, कोपर, गुडघे, घोटे हळू दुमडावे, उघडावे. दुखलं की थांबावं, जोर करू नये.

बोलणं : हात लावण्याआधी नाव घेऊन सांगावं, “आई, आता कूस बदलतो.” माणूस उत्तर देत नसला तरी सांगावं. भेटायला येणाऱ्यांची गर्दी खोलीत करू नये. वेदना किंवा धाप वाढली तर शेजारी बसून नाकाने श्वास आत, ओठ चंबू करून हळू बाहेर, असं सोबत करावं. याने जीव शांत होतो, पण हा औषधाला पर्याय नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये.

दवाखाना कधी गाठावा?

जखमेतून पू, घाण वास किंवा काळा भाग, ताप, श्वास जोरात चालणं, अचानक गुंगी वाढणं यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. कूस बदलायला पाळी लावावी, एकट्या बाईवर चोवीस तास टाकू नये. केईएममध्येही ही सेवा एका सिस्टरची नव्हती, पाळीपाळीने सगळ्यांची होती.

परळला केईएम असो की टाटा, पेशंट घरी आणण्याच्या आदल्या दिवशी वॉर्डच्या सिस्टरना विचारावं, “सिस्टर, कूस कशी बदलायची ते माझ्याकडून एकदा करून घ्या.” नळी किंवा लघवीची पिशवी असेल तर तीही स्वतःच्या हाताने हाताळून पाहावी. नुसतं बघून येत नाही. गावी आल्यावर अडलं तर उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि आशाताईंना बोलवावं.