मेंदूच्या पेशीतले थेंब आणि आपला चांदिपुरा

गिरडहून उमरेडमार्गे नागपूरला तुम्ही कितीतरी वेळा गेला असाल. त्याच नागपूरकडच्या चांदिपुऱ्याचं नाव जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत आहे, पण एका विषाणूमुळे. १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आजची एनआयव्ही) सापडला. भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे बरीच वर्षं त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही.

मग २००३ साल आलं. आंध्रात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. कित्येक तर दवाखान्यात आणल्यावर २४ तासांच्या आतच. २००७ मध्ये आपल्या नागपूर विभागातही साथ आली.

हा विषाणू पेशीत शिरून नेमकं काय करतो? याचा धागा सापडतो त्याच्या चुलतभावाकडे, म्हणजे रेबीजकडे. १९०३ मध्ये इटलीतल्या अडेल्की नेग्री यांना पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूच्या पेशींत गोल ठिपके दिसले. त्यांना वाटलं, हाच रोगाचा जंतू! तो जंतू नव्हता. पण ठिपके दिसले की रेबीज, हे निदान मात्र पक्कं ठरलं आणि कित्येक दशकं चाललं. ते ठिपके म्हणजे काय, हे कळायला शंभर वर्षं लागली. २००९ मध्ये दिसलं की विषाणूच्या आरएनएच्या नकला तिथेच तयार होतात. म्हणजे तो विषाणूचा कारखाना!

डेंग्यू किंवा कोरोनाचे विषाणू पेशीतलेच पडदे वळवून पिशव्या करतात. रेबीजच्या कारखान्याला भिंतच नाही. सावजी रश्श्यावरचे तर्रीचे थेंब आठवा: वेगळे राहतात, जवळ आले की एक होतात. हे ठिपके तसेच द्रव असल्याचं २०१७ मध्ये फ्रान्समध्ये दिसलं. पुढच्याच वर्षी चांदिपुऱ्याच्या अगदी जवळच्या, गुरांना होणाऱ्या एका विषाणूतही तेच आढळलं. कच्चा माल एका थेंबात गोळा झाला की नकला काढणं सोपं जातं.

हा कारखाना बंद पाडणारं औषध आज आमच्याकडे नाही. चांदिपुऱ्याची लसही नाही. झटके थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास चालू ठेवणं एवढंच हातात असतं, आणि तेही मूल वेळेत आलं तर. म्हणून पावसाळ्यात मुलाला अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके आले किंवा ते गुंगीत गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच सेवाग्राम किंवा नागपूर गाठा. आणि घराच्या मातीच्या भिंतींतल्या भेगा लिंपून घ्या. हा विषाणू पसरवणारी, डासाहून लहान अशी सँडफ्लाय दिवसा तिथेच लपते.